काळ्या जमिनीचा अभिमान, काळ्या रंगाची लाज?

आमच्या भागात कुणी जमीन घ्यायला निघाला की आधी ढेकूळ हातात घेऊन पाहतो. माती काळी, भारी निघाली की भाव चढतो. त्याच माणसाच्या घरी सून पाहायची वेळ आली की पहिला प्रश्न येतो, "पोरगी रंगानं कशी आहे?"

हा विषय कृषी विस्तार अधिकाऱ्याचा नव्हे, असे कुणी म्हणेल. चार वर्षांपूर्वी मीही तसेच म्हटले असते. पण माझ्याच घरात जे घडले ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

धाकट्या बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते. निंदण-वेचणीच्या उन्हाने तिच्या दोन्ही गालांवर वांग उठले होते. आई म्हणाली, "तालुक्याला जातोच आहेस, तर मेडिकलातून एखादं मलम आण." मी आणले. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही, मीही काही विचारले नाही. फवारणीच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघा, लेबल वाचा, असे गावोगाव ओरडून सांगणारा मी, त्या ट्यूबवरचे एक अक्षरही वाचले नाही.

पंधरा दिवसांत चेहरा उजळला. सगळे खूश. सहा महिन्यांनी गाल लालभडक झाले, बारीक पुटकुळ्या आल्या, हनुवटीवर लव वाढली. चुलीपुढे बसली की चेहऱ्याची आग आग व्हायची. मलम बंद केले की आग दुप्पट, म्हणून ती परत लावायची. शेवटी जिल्ह्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी ट्यूब पाहून विचारले, "हे कुणी दिलं?" बहीण गप्प राहिली. मी शेजारीच उभा होतो. तिने माझे नाव घेतले नाही.

त्या ट्यूबमध्ये स्टिरॉईड होते. स्टिरॉईड काही विष नव्हे. योग्य आजाराला, योग्य दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली दिले तर ते गुणकारी औषध आहे. पण गोरे होण्यासाठी चेहऱ्यावर महिनोन् महिने चोपडले की कातडी पातळ पडते आणि तिला मलमाची सवय लागते. गजकर्णावर लावले तर खाज तेवढी थांबते, बुरशी मात्र आतून फोफावते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉईड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम कागदावर आहे. तालुक्याच्या बाजारात तो किती पाळला जातो, हे वाचकांनी आपापल्या अनुभवावरून ठरवावे.

दुसरा धोका पाऱ्याचा. पारा कातडीत काळा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून काही गोरेपणाच्या मलमांत तो चोरून घालतात. तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंड धरतो. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची बातमी जानेवारी २०२३ मध्ये आली होती. मलम ब्युटी पार्लरवालीकडून घेतलेले. तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी केली तेव्हा मलमात पारा सापडला. केरळातही २०२१ ते २०२३ या काळात डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत त्या आजाराचा एक खास प्रकार निघाला आणि या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची मलमे वापरली होती. तेव्हा मलम लावणाऱ्या बाईच्या पायांवर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर "उन्हाचं असेल" म्हणून घरी बसू नये.

आता मुद्द्याची गोष्ट. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या किती रंग तयार करतात यात. हा रंग म्हणजे उन्हापासूनची ढाल आहे. ज्याला दिवसभर रानात राबायचे, त्याला ती निसर्गाने दिली. तिला रोग समजून धुवून काढायचे, हा कुठला शहाणपणा?

पण सावळ्या कातडीला काहीच त्रास नसतो, असेही नाही. तिला पुटकुळी आली, किडा चावला, चटका बसला, की जखम बरी झाल्यावरही काळा डाग मागे राहतो आणि तो जायला महिने लागतात. वांगही आपल्याकडे जास्त. यावर उपचार आहेत, मात्र ते या कातडीला जपून करावे लागतात. मुरमाड जमिनीचे पाण्याचे वेळापत्रक भारी काळ्या जमिनीला लावले तर मुळ्या सडतात. केस काढायच्या लेझरचेही तसेच आहे. लेझरचा उजेड केसातला काळा रंग शोधतो. कातडीतही तोच रंग भरपूर असला आणि यंत्र चुकीचे असले तर कातडीच भाजते. सावळ्या कातडीला लांब लहरीचे, १०६४ नॅनोमीटरचे लेझर त्या मानाने सुरक्षित असते. ही विचारणा पार्लरमध्ये नव्हे, त्वचारोगतज्ज्ञाकडे करावी. तेजाबी साल काढण्याच्या उपचारालाही हेच लागू.

डॉक्टरी पुस्तकांतही फार काळ गोऱ्या कातडीचीच चित्रे असत. गोऱ्या अंगावर लाल दिसणारा चट्टा आपल्या अंगावर तपकिरी किंवा जांभळट दिसतो आणि नजरेतून सुटतो. लंडनमध्ये शिकणाऱ्या मालोन मुकवेंडे या विद्यार्थ्याने शिक्षकांना बरोबर घेऊन २०२० साली काळ्या-सावळ्या कातडीवर रोगाच्या खुणा कशा दिसतात याची पुस्तिकाच काढली. आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात अशी चित्रे भिंतीवर लागली तर किती बरे होईल!

आमच्या खात्याशी जोडलेली एक गोष्ट सांगतो. बांधावरचे गाजरगवत उपटणाऱ्या माणसांचा चेहरा, मान, हात खाजून खाजून काळे पडतात. ती त्या गवताची ॲलर्जी असते. तिच्यावर गोरेपणाचे मलम चोपडून काय होणार? गवत फुलावर यायच्या आत, हातमोजे घालून, अंगभर कपड्यांनिशी काढावे. तसेच मान आणि काखा मखमलीसारख्या जाड, काळ्या पडल्या तर पोरीला "घासून आंघोळ कर" म्हणू नये. पुष्कळदा ती पुढच्या मधुमेहाची सूचना असते. साखर तपासून घ्यावी.

मग करायचे काय? ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसले तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चेहऱ्याला लावू नये. आधीच लावत असाल तर मनाने एकदम बंदही करू नये, डॉक्टरांना ट्यूब दाखवावी. ज्या डबीवर कंपनीचा पत्ता नाही, घटक नाहीत, ती फुकट मिळाली तरी घेऊ नये. वांगावर पहिला उपाय म्हणजे ऊन टाळणे. रुमाल, पूर्ण बाह्या, आणि जमेल तेवढे काम सकाळी लवकर. तालुक्याला त्वचेचा डॉक्टर नसेल तर ई-संजीवनीवरून सल्ला मिळतो, त्याला पैसे लागत नाहीत.

शासनाकडे एवढेच मागणे आहे. खतांच्या दुकानांची जशी तपासणी होते, नमुने घेतले जातात, तशी मलमांचीही व्हावी. आणि सरपंच मंडळींनी ग्रामसभेत हा विषय एकदा तरी घ्यावा.

एका प्रसिद्ध कंपनीने २०२० मध्ये आपल्या मलमाच्या नावातून 'फेअर' हा शब्द काढला. नाव बदलले हे ठीक. आपल्या ओसरीवरचा प्रश्न कधी बदलणार?

माझ्या बहिणीचा चेहरा निवायला दीड वर्ष लागले. रंग मूळचा होता तसा सावळाच आहे. परवा नवे पाहुणे आले. त्यांनी रंगाचे विचारताच या खेपेला उत्तर मी दिले, "आमच्या जमिनीसारखाच आहे." पाहुणे हसले. पुढचे काय ते अजून कळवलेले नाही.