पिल्लू अनाथ नसतं

उन्हाळा लागला की माझ्या फोनवर एकच रील वेगवेगळ्या लोकांकडून येतं. तळहातावर पक्ष्याचं पिल्लू, मागे रडकं गाणं, ड्रॉपरनं चोचीत दूध, खाली लाल बदामांची रांग. पुढं पिल्लाचं काय झालं, हे कुणी दाखवत नाही आणि कुणी विचारतही नाही. मी विचारतो. कारण अशा एका पिल्लाचं पुढं काय झालं, ते मला माहीत आहे.

२०१६ चा मे. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, ते वर्ष. माझी आठवीची परीक्षा झाली होती आणि घरात पाणी तांब्यानं मोजून वापरत होतो. अंगणातल्या डाळिंबाखाली बुलबुलचं पिल्लू सापडलं. अंगावर पिसं होती, शेपूट आखूड, उडता येत नव्हतं. मी उचललं तेव्हा आजी ओरडली, "हात नको लावू रे, माणसाचा वास लागला की त्याची माय त्याला घेत नसती!"

हात तर लागला होता. मग आता मीच त्याची माय, असं मी ठरवलं. बुटाच्या खोक्यात कापूस घातला, दुधात भाकर कुस्करली आणि पिण्याच्या हंड्यातलं पाणी चमच्यानं त्याच्या चोचीत ओतलं. दुसऱ्या दिवशी ते चोच उघडी टाकून धापा टाकत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मेलं. ते दोन्ही दिवस समोरच्या तारेवर दोन बुलबुल ओरडत होते. मला वाटलं, मांजर आलं असेल.

ते पिल्लाला हाका मारत होते, हे मला फार उशिरा कळलं.

बुलबुलची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात. काही दिवस जमिनीवर, झुडपात उड्या मारतात आणि आईबाप तिथंच येऊन त्यांना किडे भरवतात. ते पडलेलं पिल्लू नव्हतं, शिकायला निघालेलं होतं. मी त्याला वाचवलं नाही, पळवून नेलं. पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं, म्हणून वरून ओतलेलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. दूध पक्ष्यांना पचत नाही. आणि आजीचं ते वाक्य? बहुतेक पक्षी पिल्लाला वासावरून नाही, हाकेवरून आणि जागेवरून ओळखतात. आपला हात लागला म्हणून आई पिल्लू टाकत नाही. ही समजूत पिल्लं वाचवत नाही, उलट उचललेलं पिल्लू परत ठेवू देत नाही.

कुणी म्हणेल, "मग काय मांजरासमोर सोडायचं का?" नाही. मांजराला घरात कोंडा. पिल्लाला पिसं असतील तर जवळच्या झुडपात, सावलीत ठेवा आणि लांब जाऊन तासभर बघा. उघडं, बिनपिसांचं असेल तर घरट्यात परत ठेवा. घरटं अवकाळीनं पाडलं असेल, तर तळाला भोकं असलेली टोपली त्याच फांदीला बांधा. जखमी असेल, मांजराचा दात लागला असेल, मांजात अडकलं असेल, तरच खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. पाजू नका, भरवू नका. वनविभागाच्या १९२६ वर फोन करा, पशुवैद्यकाकडे न्या. आणि एकाच जागी बरेच पक्षी मरून पडलेले दिसले, तर हातच लावू नका. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मेले ते बर्ड फ्लूनं.

"आमच्या तालुक्यात फोन उचलतं कोण?" हा प्रश्न खरा आहे. मी स्वतः तासभर फोन लावत बसलोय. पण मदत येत नाही म्हणून पिल्लू आपलं होत नाही. रानपोपटाचं पिल्लू 'वाचवून' पिंजऱ्यात ठेवणाऱ्यांनीही हे ऐकावं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, मग त्याला तुम्ही कितीही लाडानं 'मिठू' म्हणा.

गेल्या जूनमध्ये नांदेडला आमच्या गल्लीतला एक पोरगा साळुंकीचं पिल्लू घेऊन आला. एका हातात पिल्लू, दुसऱ्या हातात मोबाईल. "दादा, व्हिडिओ काढ की." मी म्हटलं, आधी कुठं सापडलं ते दाखव. लिंबाखाली नेलं, खालच्या फांदीवर ठेवलं आणि समोरच्या ओट्यावर जाऊन बसलो. पोरगा वैतागला. वीसेक मिनिटांनी साळुंकी आली, चोचीत नाकतोडा घेऊन.

व्हिडिओ निघाला नाही. लांबून नीट दिसतच नव्हतं.

तुमच्या मायेवर माझा आक्षेप नाही. माझीही माया खोटी नव्हती. टंचाईतल्या घरातलं प्यायचं पाणी मी त्याला दिलं होतं. पण त्याच पाण्यानं ते मेलं असावं. म्हणून पुढच्या वेळी पिल्लू दिसलं की हात खिशात घाला आणि आधी वर बघा. तारेवर कुणीतरी ओरडत असेल.