गुडघ्याआधी नाक



थोरल्या जाऊबाईंचं गुडघा बदलण्याचं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टरांनी आधी नाकातला स्वॅब मागितला. त्या मला म्हणाल्या, "अगं, दुखतोय गुडघा आणि हे नाक कसलं तपासतात?"

कारण आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू साधारण दहातल्या तिघांच्या नाकात मुक्कामाला असतो. एरवी त्रास देत नाही. पण ऑपरेशनची चीर पडली की तोच आपल्या अंगावरून जखमेत उतरतो. कृत्रिम सांध्यावर एकदा बसला की औषधांना दाद देत नाही, कधी कधी सांधा पुन्हा उघडावा लागतो. म्हणजे लागण बाहेरूनच येते असं नाही, पुष्कळदा आपणच ती सोबत नेतो.

नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 2010 साली याचा अभ्यास छापला. ज्यांच्या नाकात जंतू सापडला त्यांना पाच दिवस मुपिरोसिनचं मलम नाकात दोनदा आणि रोज क्लोरहेक्सिडिनच्या साबणाने अंघोळ. नुसतं दिखाऊ मलम आणि साधा साबण दिलेल्यांत 7.7 टक्के जणांना लागण झाली, खरं औषध मिळालेल्यांत 3.4 टक्के. मी बी.कॉम. झालेली, हिशेब आधी बघते. मलमाची एक ट्यूब एका बाजूला, दुसरं ऑपरेशन दुसऱ्या बाजूला. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2016 मध्ये हृदयाच्या आणि हाडांच्या ऑपरेशनआधी वाहकांना हे मलम द्यायला सांगितलंय.

मग सरसकट सगळ्यांनाच का लावू नये? अमेरिकेत अतिदक्षता विभागात तसं करून पाहिलं, रक्तातली लागण बरीच कमी झाली. तिथले रुग्ण इतके नाजूक की मला ते पटतं. पण ठरवून केलेल्या ऑपरेशनला आधी तपासणीच हवी. मलम वाटेल तसं वापरलं तर जंतू त्याला सरावतात, आणि मग खरी गरज असेल तेव्हा ते चालत नाही.

जाऊबाईंचा दुसरा प्रश्न होताच, "पण यात जीवहिंसा नाही का गं?" आहे, नाकारून कसं चालेल? पण श्रावकाला सोडायची असते ती संकल्पी हिंसा. आपल्या बचावापुरती होणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्ण टळत नाही. गरज नसताना मलम लावणं मात्र मलाही नको वाटतं. इथे डॉक्टरांचं आणि आपलं एकच म्हणणं निघालं, याची मला गंमत वाटली.

रिपोर्ट परवा येईल. मलम लागलंच तर पाचही दिवस, दोन्ही वेळा, मी फोन करून आठवण देणार आहे. दोन दिवसांनी कंटाळून सोडून देणाऱ्यांतल्या आहेत त्या.