हर्णै निवांत कुणासाठी?

'टुमदार', 'निवांत', 'जणू इटलीतलं गाव'. दापोलीला शनिवार-रविवार काढून आलेले लोक हर्णैवर लिहायला बसले की हीच विशेषणं बाहेर काढतात. मी शिक्रापूरचा, नगर रस्ता आणि चाकण रस्ता मिळतात तिथला. समुद्रावर बोलायचा माझा काही हक्क नाही. पण जाता-येता गाडीच्या काचेतून गाव बघणाऱ्याला गावातलं काय दिसतं, हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे.

निवांत कोण असतं हर्णैला? धक्का नसल्यामुळे बोटी वर्षानुवर्षं किनाऱ्यापासून लांब नांगरत आल्या. तिथून मासळी छोट्या होड्यांतून आणि पाण्यात उतरवलेल्या बैलगाड्यांतून वाळूवर यायची, आणि लिलाव तिथेच, वाळूवर. बोली चालू, बर्फ फुटतोय, टोपल्या उचलल्या जातायत. या सगळ्यात निवांत असतो तो फक्त फोटो काढणारा. तोही नाकाला रुमाल लावून.

इतिहासाचीही तीच गत. सुवर्णदुर्ग, कान्होजी आंग्रे, संपला विषय! १७५५ साली कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून जिंकला तेव्हा इंग्रजांच्या जोडीला पेशवे होते, ही गोष्ट आम्ही पुणे जिल्हावाले सोयीने गाळतो. आरमाराची गलबतं ज्यांच्या जिवावर चालली ते कोळी, भंडारी तर एका ओळीचेही धनी नाहीत. शेजारच्या पाजपंढरीचा कोळीवाडा फोटोतून कापला जातो, कारण सुकत घातलेली मासळी 'फ्रेम बिघडवते'.

बरं, इटलीच म्हणत असाल तर नीट म्हणा. चिंक्वे तेर्रेची पाच गावं १९९७ साली जागतिक वारसा यादीत गेली, ती नुसत्या रंगीत भिंतींमुळे नाही. डोंगरउतारावर पिढ्यान्‌पिढ्या रचलेले दगडी बांध आणि त्यावरची द्राक्षशेती यांचा तो मान होता. म्हणजे राबणाऱ्या हातांचा. आता तिथे पर्यटकांची इतकी रीघ आहे की काही पाऊलवाटांवर चालायलाही तिकीट लागतं.

हर्णैची मागणी साधी आणि जुनी आहे: बंदिस्त बंदर. वादळाचा इशारा आला की बोटी आंजर्ल्याच्या खाडीकडे पळवायच्या, हा तिथला रिवाज. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने दापोलीचा किनारा झोडपला, तेव्हा आपण सगळे मोबाइलवर बघत होतो. उद्या जेट्टी पुरी झाली की 'हर्णैचं हर्णैपण गेलं' असे गळेकाढू लेख येतील, मी पैज लावतो. ते लिहिण्याआधी कुणीतरी जुलैत तिकडे जावं. मासेमारीबंदीचे दिवस असतात, बोटी वाळूवर ओढलेल्या असतात. बोटीच्या कर्जाचा या महिन्याचा हप्ता कुठून भरला, एवढं विचारून यावं.