टँकर चूक की बरोबर?

उन्हाळ्याच्या तोंडावर चौथीच्या चाचणीत मी ‘परिसर अभ्यासा’तला एक सोपा प्रश्न घातला होता: पाण्याचे स्रोत लिहा. पाऊस, नदी, तलाव, विहीर... सगळ्यांनी घोकलेलं धडाधड लिहिलं. एका मुलीनं मात्र पहिलंच लिहिलं, ‘टँकर’. मी लाल फुली मारली नि पुढं गेले.

रात्री भाकरी थापताना ती फुली काही मनातून जाईना. आपल्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये चक्क आगगाडीनं पाणी आलं होतं, आठवतं ना? मिरजेहून, सुमारे ३५० किलोमीटरवरून! पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. मांजरेकाठच्या माणसांनी कृष्णेचं पाणी प्यालं. मग या पोरीनं डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं, तर तिचं काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, “टँकर कुठं भरतो रे?” सगळे चिडीचूप. पृथ्वीचा ७१ टक्के भाग पाण्याचा, हे मात्र एका सुरात! खरं सांगू? मलाही ठाऊक नव्हतं. पर्यावरण शाळेत शिकवा, असं सुप्रीम कोर्टानं १९९१ सालीच सांगितलंय. शिकवतोच की आम्ही, फळ्यावर.

“घरी विचारून या,” म्हटलं. कुणी मळ्यातल्या विहिरीचा पत्ता आणला, कुणी बोअरचा. ती मुलगी म्हणाली, “बाई, विहीर आटली की टँकर लांबून येतो. त्या दिवशी मी शाळेत येत नाही, नंबर धरावा लागतो.” हजेरीपटावरच्या तिच्या गैरहजेऱ्यांवरून मी तिला दोनदा रागावले होते! टँकर म्हणजे काही स्रोत नव्हे, तरी फुली खोडून मी अर्धा गुण दिला.

आमचे चिरंजीव ‘पाणी वाचवा’ची सुरेख चित्रं काढतात आणि नळ सोडून दात घासतात. म्हणून गेल्या रविवारी नळ बंद ठेवला आणि सगळं पाणी १५ लिटरच्या हंड्यानं मोजून घेतलं. मोजदाद त्याच्याकडे. तुम्हीही करून बघा. खर्च काही नाही, फक्त ओट्यावर जरा चिखल होतो. चौघांना २६ हंडे लागले, त्यातले ४ एकट्या कूलरनं प्याले! रात्री बिनकूलरचं झोपायचं त्यानंच ठरवलं. अकराला उठून बटण दाबलं, ते सोडा.