बंब गेला; आतां काय आणावें?

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरचा तांब्याचा बंब गळूं लागला. मधल्या धुराड्याचा सांधा तळाशीं झिजून पाणी थेट विस्तवावर ठिबके, आणि पहांटे उठून तुराट्या पेटविणाऱ्या सौभाग्यवतींच्या वांट्यास ऊब थोडी व धूरच फार येई. तांबटानें बोटांनीं पत्रा चांचपून सांगितलें, "गुरुजी, एकदां डाग देतों, पण पत्रा पातळ झालाय. रोजच्या जाळाला आतां हा टिकायचा नाहीं." सौभाग्यवतींची छाती तरी त्या धुरास किती दिवस टिकणार होती, हा विचार आम्हांस त्या वेळीं प्रथम सुचला, हें कबूल करावयास लाज वाटते.

पुण्याचा मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, गॅसचा गिझर मोरींतच बसवून घ्या. तोटी सोडली कीं दोन मिनिटांत कढत पाणी." खर्चही कमी, असें त्याचें म्हणणें. तेव्हां आम्ही पाटी घेऊन बसलों. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. वीस लिटरांची बादली हिवाळ्यांतल्या २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत न्यावयाची तर ४०० किलोकॅलरी झाल्या. विजेच्या एका युनिटांत ८६० असतात. म्हणजे बादलीस साधारण अर्धा युनिट. १४.२ किलोच्या गॅसच्या टाकींत, कांहीं उष्णता वाया जाते हें धरूनही, अशा सुमारें तीनशें बादल्या निघतात. गॅस स्वस्त पडतो हें खरें. परंतु दोन माणसांच्या घरांत तो फरक एवढा मोठा नाहीं कीं त्यासाठीं दुसरें कांहींच पाहूं नये. (४० अंश कमी वाटत असल्यास वाग्भटास विचारावें. ऊन पाणी मानेखालीं बल देतें, डोक्यावर घेतल्यास केस व डोळे यांस अपाय करतें, असें त्यानें अष्टांगहृदयांत सांगून ठेविलें आहे.)

आतां आमची मोरी पांच फूट लांब, चार फूट रुंद. तिला वीतभर झरोका, व तोही थंडींत फडक्यानें बुजविलेला. अशाच एका न्हाणीघरांत तीन वर्षांपूर्वीं आमच्या पुतण्याची मुलगी बेशुद्ध पडली होती. कडी आंतून लावलेली. पाण्याचा आवाज येत राहिला, हांकेस उत्तर मात्र येईना. दार फोडलें म्हणून आज ती कॉलेजांत जाते आहे. गॅस जळतांना प्राणवायु पुरेसा मिळाला नाहीं तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु तयार होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. गॅस गळला तर कळावें म्हणून त्यांत जो उग्र वास घातलेला असतो, तो तर ज्योतींत जळूनच जातो. रक्तांतील हिमोग्लोबिन या वायूस प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट धरतें. डोकें जड होतें, मळमळतें, पाय लुळे पडतात, आणि दार उघडावें हें सुचतें तेव्हां हात उचलत नाहीं.

विलायतेंत बॉयलर हा केवळ स्नानाचा नसून साऱ्या घराची ऊब त्यावर अवलंबून असते. तेथेंही हीच भीति आहे. भाड्यानें दिलेल्या घरांत जेथें असें जळणाचें यंत्र कायम बसविलेलें असेल, त्या खोलींत या वायूची सूचना देणारी घंटा घरमालकानें लावलीच पाहिजे, असा नियम इंग्लंडांत १ ऑक्टोबर २०२२ पासून आहे. आपल्याकडे गॅसचा गिझर घ्यावयाचाच असेल तर तो न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेंत बसवावा. आंत फक्त पाण्याची नळी यावी. मुलाला हें सांगितलें. तो कांहीं वेळ बोलला नाहीं, मग म्हणाला, "बाबा, आमचा आंतच आहे." पुढच्या आठवड्यांत त्यानें तो सज्जांत हलविला.

सूर्यावर चालणारा बंब आमच्या मनांत फार होता, कारण ऊन ही एकच वस्तु औशास कधीं कमी पडली नाहीं. परंतु आमच्या घराचें माळवद लाकडी तुळयांवरचें, वर फूटभर पांढरी माती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीस काय झालें, हें आमच्या तालुक्यांत कोणास सांगावयास नको. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदांचा भार यांखालींच हजारों माणसें झोपेंत गाडलीं गेलीं. अशा छपरावर १०० लिटरांची टाकी चढवावयाची म्हणजे नुसत्या पाण्याचेंच वजन शंभर किलो. स्लॅबचें घर व चारपांच माणसें असतील त्यांनीं मात्र हाच बंब घ्यावा. बोअरचें पाणी जड असेल तर अरुंद तांब्याच्या नळ्यांपेक्षां कांचेच्या रुंद नळ्या बऱ्या. क्षारानें त्या लौकर तुंबत नाहींत. (माकडांचा उपद्रव असलेल्या गांवीं कांचेचा पुनः विचार करावा.) आणि एक गोष्ट विकणारा सांगत नाहीं. गच्चीपासून मोरीपर्यंत पाऊण इंची नळी चाळीस फूट असेल, तर तींत तीन लिटर तरी थंड पाणी अडकलेलें असतें. २०१६ च्या एप्रिलांत ज्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, त्या जिल्ह्यांत तें पाणी बादलींत धरावें, आणि घरांतल्यांनीं स्नानें एकामागून एक उरकावीं.

शेवटीं विजेचा, टाकीचा गिझर ठरला. दुकानदार १५ लिटरांचा दाखवीत होता. १५ लिटर पाणी ६० अंशांस नेऊन थंड पाण्यांत मिसळलें तर ४० अंशांचें ३० लिटर होतें, म्हणजे दीड बादली. आम्हां दोघांस दोन लागतात, म्हणून २५ लिटरांचा घेतला. दोन किलोवॉटवर तो पाऊण तासाच्या आंत तापतो. टाकींत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीऐवजीं ती झिजते. आमच्यासारख्या जड पाण्यांत वर्षाकाठीं ती पाहावी व तापणाऱ्या कांबीवरचें पुटही काढून घ्यावें.

वायरमन आला तेव्हां एक निराळेंच उघडकीस आलें. मोरीबाहेरच्या सॉकेटचें तिसरें भोंक केवळ शोभेचें होतें. अर्थिंगची तार कोठेंच जोडलेली नव्हती. याच सॉकेटावर आम्हीं कित्येक वर्षें पाणी उपसण्याची मोटार चालविली! परसांत खड्डा करून नवें अर्थिंग केलें, गळती होतांच वीज तोडणारी कळ बसविली, आणि मगच गिझर भिंतीवर चढला. त्यांत तीन दिवस गेले. तोंवर चुलीवर पाणी तापवून स्नानें झालीं.

बंब तांबटानें डाग देऊन परत पाठविला आहे. तो वर्षांतून एकदां, नरकचतुर्दशीस पेटवावयाचा, असें सौभाग्यवतींनीं ठरविलें आहे. त्या दिवशींच्या तुराट्या मात्र आम्हीं मोडावयाच्या व धूरही आम्हींच घ्यावयाचा, अशी त्यांची अट आहे.