मृत्युपत्र हयातीतच वाचावे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे वाडवडील सांगत आले. तरीही होळकरशाहीपासून इंदुरात राहिलेल्या आपल्या मराठी घरांतून ही पायरी पिढ्यान्‌पिढ्या झिजत आली आहे. पूर्वीचे दावे भाऊबंदांचे असत. इनामाचा हिस्सा, चुलत्याचा वाटा, सामाईक विहीर असे त्यांचे विषय. आता इनामे गेली, वतने गेली, उरला तो वाडा. आणि दावे होतात ते एका ताटात जेवलेल्या सख्ख्या भावंडांचे. त्यांच्या मुळाशी आई किंवा वडिलांचे मृत्युपत्र असते, आणि मृत्युपत्राहूनही अधिक वेळा त्याला मागाहून जोडलेली दोन पानांची पुरवणी, जिला वकील मंडळी कोडिसिल म्हणतात.

ही पुरवणी जन्मास कशी येते ते पाहण्यासारखे आहे. मूळ मृत्युपत्र वडील हिंडतेफिरते असताना, वकिलाच्या सल्ल्याने, शांतपणे लिहिलेले असते. त्यात सर्व मुलांना सारखे माप असते. पुढे दहाबारा वर्षे जातात. एक मुलगा पुण्यास, एक परदेशी, मुलगी बडोद्यास आणि एक जण म्हाताऱ्यांपाशी वाड्यात. औषधपाणी, दवाखाना, रात्रीची जागरणे त्याच्या व त्याच्या बायकोच्या वाट्यास येतात. पुरवणी लिहिली जाते ती याच काळात, त्याच्याच घरात, त्याच्याच ओळखीच्या दोघांच्या साक्षीने. तेराव्यानंतर कागद बाहेर निघतो आणि बाकीची भावंडे तो प्रथमच वाचतात. पुरवणी खरीही असेल; माझ्या मते बहुतेक वेळा ती खरीच असते. पण ज्या परिस्थितीत ती लिहिली गेली ती परिस्थितीच तिच्याविरुद्ध साक्ष देते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पुरवणी हा मृत्युपत्राचाच भाग समजला जातो, आणि म्हणून तिलाही किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. उशाखाली ठेवलेली चिठ्ठी म्हणजे पुरवणी नव्हे. कागदाची नोंदणी ऐच्छिक आहे. पण ती केली म्हणून संशय आपोआप फिटत नाही. मृत्युपत्राने ज्याचा लाभ होतो त्यानेच ते करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर तो संशय दूर करण्याचा भार त्याच्यावरच पडतो. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1958 साली म्हैसूरकडील एका दाव्यात विस्ताराने मांडले. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर हे आपल्या साताऱ्याचे. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला तरी अशा दाव्यात त्या निकालाचा आधार घेतला जातो.

प्रोबेटचेही तसेच. हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेट घेण्याची सक्ती होती ती मुख्यतः मुंबई व मद्रास ही शहरे आणि बंगाल यांपुरती. इंदुरास ती नव्हती. पण आईच्या नावे मुंबईत एखादा ब्लॉक असला की तेवढ्यापुरती ती येथल्या घरासही लागू होई. 2025 मध्ये संसदेने ही सक्तीच काढून टाकली. तथापि सक्ती उठली म्हणून तंटा उठला असे नाही. भावंडांनी हरकत घेतली की मृत्युपत्र शाबीत करावेच लागते, आणि साक्षीदार हयात असेल तर त्याला साक्षीस उभे राहावे लागते.

अशा एका दाव्यात मी साक्षीदार म्हणून उभा राहिलो आहे. सही करताना बाईंनी चष्मा लावला होता का, दुसरा साक्षीदार त्या वेळी खोलीत होता की ओसरीवर, त्यांना त्या दिवशी ताप होता का, असे प्रश्न मला तासभर विचारले गेले. समोरच्या बाकावर त्यांची तिन्ही मुले तीन टोकांस बसली होती. आईची सेवा कोणी केली, कोणाचे शिक्षण कोणाच्या पाटल्या मोडून झाले, हे कोणी विचारले नाही, आणि न्यायालयाचे ते कामही नव्हते. कागद खरा आहे का, तो शेवटचा आहे का, लिहिणारा शुद्धीवर होता का, एवढेच तेथे पाहिले जाते. मालमत्ता मुळात कोणाची हासुद्धा प्रश्न प्रोबेटच्या कामात सुटत नाही. भावंडे भांडतात ती मात्र निराळ्याच प्रश्नावर: आईला मी नकोसा झालो होतो का? त्याचे उत्तर कोणत्याही निकालपत्रात मिळत नाही. ते फक्त आई देऊ शकली असती, आणि तीही हयात असताना.

म्हणून माझे म्हणणे असे की, मृत्युपत्र आईवडिलांनी स्वतःच मुलांना वाचून दाखवावे. यावर लगेच ‘नटसम्राट’चा दाखला दिला जातो. शिरवाडकरांचे ते नाटक 1970 साली रंगभूमीवर आल्यापासून आप्पा बेलवलकरांची गत आपली होईल ही धास्ती आपल्या घरोघरी बसली आहे. पण बेलवलकरांनी आपला मनसुबा सांगितला नव्हता. त्यांनी सर्वस्व देऊनच टाकले होते. बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यांत हाच फरक आहे. मृत्युपत्र लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतरच अमलात येते आणि तोवर ते केव्हाही बदलता येते. ते वाचून दाखवल्याने आईवडिलांच्या हातातले काहीच जात नाही. चार दिवस घरात धुसफूस होईल हे खरे. पण ती मिटवणारे माणूस तेव्हा घरात असते.

वाड्याबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाडा वडिलार्जित असेल तर वडिलांना मृत्युपत्राने देता येतो तो आपल्या हिश्शापुरताच. 2005 च्या दुरुस्तीने मुलीही जन्मतः हिस्सेदार झाल्या आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबाबतचा संशय फेडला. “मुलींचे लग्नात केले आहे” या एका वाक्याने त्यांचा हक्क पुसणारी पुरवणी लिहिणे म्हणजे दाव्याचे बी स्वहस्ते पेरणे होय.

जो मुलगा जवळ राहिला त्याला अधिक द्यावेसे वाटणे यात गैर काहीच नाही. मात्र ते पुरवणीच्या आडून देऊ नये. प्रकृती धड आहे तोवर सबंध मृत्युपत्रच नव्याने लिहावे. साक्षीदार तिऱ्हाईत आणि आपल्याहून वयाने लहान निवडावेत. आणि अधिक का दिले ते आपल्या शब्दांत त्यात लिहावे. दिवाळीस सगळी मुले घरी जमतात. पाडव्याच्या दिवशी जेवणे झाल्यावर ते वाचून दाखवावे. मुलीस दुःख झालेच, तर ते आईच्या तोंडून ऐकल्याचे होईल. तेच दुःख दहा वर्षांनी भावाच्या वकिलाकडून समजले, तर पुढच्या वर्षीपासून ती भाऊबीजेला यायची नाही.