आधी मिती ठरवा, मग फाइल करा

समुद्रावरून डेटा आणणाऱ्या विद्यार्थ्यांनो, एक विनंती आहे. नेटसीडीएफ फाइल बनवायला घेताना लगेच कोड लिहू नका. आधी कागद घ्या आणि स्वतःला विचारा: मी काय मोजलं, आणि ते कशाकशानुसार बदलतं? जे मोजलं ते व्हेरिएबल. ज्यानुसार बदलतं ती मिती, म्हणजे डायमेन्शन.

सोपं वाटतं, पण चुकतं इथेच. समजा, गोव्यासमोरच्या समुद्रात तुम्ही १२ स्टेशनांवर सीटीडी सोडला आणि प्रत्येक ठिकाणी ५० खोलींवर तापमान घेतलं. एक्सेलच्या सवयीने ‘तापमान ५ मीटर’, ‘तापमान १० मीटर’ असे पन्नास व्हेरिएबल करणारे मी पाहिले आहेत. तापमान एकच आहे हो! बदलते ती खोली.

दुसरी चूक जास्त फसवी. अक्षांश-रेखांश दिसले की त्यांनाच मिती करायची. मग १२ अक्षांश, १२ रेखांश आणि ५० खोली मिळून ७,२०० घरं होतात, भरलेली फक्त ६००. उपग्रहाच्या जाळीदार नकाशाला ही मांडणी शोभते, बोटीच्या फेरीला नाही. तुमच्या मिती दोनच: स्टेशन आणि खोली. तापमान दोन्हींवर बसेल. अक्षांश, रेखांश आणि वेळ नुसत्या स्टेशनवर.

दर स्टेशनला खोल्या वेगळ्या असल्या तर? अर्गो फ्लोटची फाइल उघडून बघा. तिथे एक मिती प्रोफाइलची, दुसरी नुसत्या पातळीच्या क्रमांकाची. दाब हाही तापमानासारखाच दोन्ही मितींवर बसलेला व्हेरिएबल. ही रचना बिनदिक्कत उचला, कॉपीचा आरोप कोणी करणार नाही.

आता एकक. वेळेपुढे ‘दिवस’ एवढंच लिहून भागत नाही, कधीपासूनचे दिवस ते हवं. अर्गो १ जानेवारी १९५० पासूनचे दिवस मोजतं, तेही यूटीसीत. डायरीतली भारतीय वेळ तशीच चढवली तर साडेपाच तासांचा घोळ होतो, आणि दिवस-रात्रीचा फरक तपासणारा माणूस डोकं धरून बसतो. खोली खाली जाताना वाढते की उणे होते, तेही ‘पॉझिटिव्ह’ या गुणधर्मात नोंदवा.

आणि कृपा करून, नसलेल्या नोंदीच्या जागी शून्य भरू नका. नऊ नोंदी २८ अंशांच्या आणि एक असं खोटं शून्य: सरासरी २५.२. रिकाम्या जागेसाठी फिल व्हॅल्यू असते, ती फाइलमध्ये जाहीर करा.

फाइल पाठवण्याआधी एनसीडम्प या आज्ञेने तिचं नुसतं हेडर काढा आणि त्या बोटीवर नसलेल्या मित्राला वाचायला द्या. त्याने काही विचारलं, तर उत्तर त्याला तोंडी देऊ नका, फाइलमध्ये लिहा.